ट्रंकेतला सुरा वापरायचा का? आधी मुठीच्या आत काय आहे ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाईजवळच्या गावी जुन्या घराचं माळवद उतरवताना पत्र्याच्या ट्रंकेत तुमच्या आजोबांचा शिकारीचा सुरा मिळाला. पातं साडेसहा इंच, मूठ शिंगाची, पुढे पितळी आडवी पट्टी, कातडी म्यान. पात्यावर जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड असं नाव, एक चांदणी, एक फुली आणि मुकुटाच्या दोन बाजूंना 'जी' आणि 'आर' ही अक्षरं आहेत. पात्यावर तांबूस गंज आहे, टोकाकडे थोडे खड्डे आहेत आणि मूठ 'किंचित हलते'. चुलतभाऊ म्हणतो बफिंग करून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, चकचकीत करू आणि भिंतीवर लावू, मेहुणे म्हणतात विकून टाका, आणि तुम्हाला तो शेतावर आणि ट्रेकला वापरायचाय. वापरू का, एवढंच तुम्ही विचारलंय.

मी भोसरीतल्या एका टूलरूमच्या हीट ट्रीटमेंट विभागात एकतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर गेली बारा वर्षं जुनी पाती दुरुस्त करतो, त्यात सुरे, कट्यारी, सुतारी हत्यारं, अडकित्ते असं सगळं येतं. तेव्हा उत्तर लांबणार आहे. पण माझं मत आधीच सांगतो: मूठ आतून धड निघाली तर सुरा जरूर वापरा. मात्र तो नवा करू नका. वापरल्याने अशा सुऱ्याचं जेवढं नुकसान होतं त्याच्या कितीतरी पट नुकसान त्याला चकचकीत करण्याने होतं. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या पात्यांपैकी कायमची गेलेली बहुतेक पाती गंजाने नाही, बफिंगच्या चाकाने गेलेली असतात.

आज संध्याकाळी एक काम करा, बाकी सगळं नंतर. सुरा म्यानातून बाहेर काढा आणि परत आत घालू नका. म्यानात ठेवलेला चाकू सुरक्षित असतो असं सगळ्यांना वाटतं, आणि तीच गोष्ट त्याला खाते. कातडं हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि कमावलेल्या कातड्यात टॅनिन असतं. हिरड्याचं पाणी लोखंडावर पडलं की काळी शाई होते, हे जुन्या लोकांना माहीत होतं. तुमचं पातं त्या शाईत कित्येक पावसाळे बुडून राहिलंय असं समजा. म्यानाच्या तोंडाशी जे हिरवं मेणासारखं साचलंय ते जंगाल, म्हणजे तांब्या-पितळेच्या रिव्हेटा आणि कातड्यातली चरबी यांची मिळून झालेली मळी आहे. दातकोरणीने काढा, राहिलेलं रॉकेलच्या बोळ्याने पुसा. पातं मलमलच्या कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून कपाटात ठेवा. म्यान वेगळं, आडवं, कशाच्याही दाबाखाली न येईल असं ठेवा. त्यातून विटकरी भुगा पडत असेल तर कातडं कुजलंय. त्याला तेल पाजू नका, तेलाने ते आणखी लिबलिबीत होतं आणि शिवण सुटते.

आणि काही करण्याआधी फोटो काढा. खिडकीच्या उजेडात, दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून. खुणेचा फोटो अगदी जवळून.

आता ही खूण काय सांगते ते बघू. चांदणी आणि माल्टीज फुली ही इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रॉजर्स कंपनीची जुनी, ओळखीची खूण. 'जी आर' म्हणजे राजा जॉर्ज. पाचवा जॉर्ज 1910 मध्ये गादीवर आला आणि सहावा 1952 मध्ये वारला, तेव्हा तुमचा सुरा त्या दरम्यानचा धरायला हरकत नाही. व्हिक्टोरियाच्या काळातला असता तर 'व्ही आर' असतं. सोबत 'इंग्लंड' हा शब्दही असेल तर तो 1890 नंतरचा असण्याची शक्यता वाढते, कारण त्या वर्षीच्या अमेरिकेच्या जकात कायद्यामुळे मालावर देशाचं नाव घालण्याची पद्धत पक्की झाली. रॉजर्सच्या नावाची नक्कलही भरपूर झाली, म्हणून अक्षरं भिंगाखाली बघा. खऱ्या ठशाच्या अक्षरांच्या कडा पोलादात ठाशीव उतरलेल्या असतात, वरवर कोरलेल्या नसतात.

हा सुरा दुर्मीळ आहे का? नाही. ही कंपनी फार मोठी होती आणि तिचा माल हिंदुस्थानात सगळीकडे यायचा. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या इनामदार घरांत, नागपूर-भंडाऱ्याकडच्या मालगुजारांकडे, जंगलखात्यातल्या निवृत्तांकडे असे सुरे मी पुष्कळ पाहिलेत. तुमच्या घरापुरता तो एकमेव आहे, आणि तेवढं पुरेसं आहे. पण हे वाचणाऱ्या कुणाच्या ट्रंकेत 'बोधराज, औरंगाबाद' किंवा 'अर्नाचेलम, सेलम' असा रोमन अक्षरांतला ठसा असलेलं पातं निघालं, तर त्याने धारेचा दगड हातात घेऊ नये. एकोणिसाव्या शतकात हे आपल्याकडचे नावाजलेले कारागीर होते, त्यांचे शिकारी सुरे आणि भाले इंग्रज अधिकारी मुद्दाम मागवून घेत. असं पातं वापरायचं नसतं. हलकं तेल लावायचं आणि वस्तुसंग्रहालयातल्या जाणकाराला दाखवायचं.

तुमच्या पात्याचं पोलाद साधं कार्बन स्टील आहे, गंजलंय त्यावरूनच कळतं. हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये न गंजणारं पोलाद बनवलं ते 1913 मध्ये, आणि त्यानंतरही शिकारीच्या सुऱ्यांना बरीच वर्षं कार्बन स्टीलच वापरत राहिले, कारण धार चटकन लागते आणि टिकते. ज्यांनी घरात जुनी विळी वापरली आहे त्यांना हे पोलाद नव्याने समजावून सांगायला नको. ती कैरी चिरली की काळी पडायची, धुऊन तशीच ठेवली की सकाळी तांबूस व्हायची, पण नारळ खोवून, भोपळा फोडून, भाजी चिरून पंचवीस वर्षं चालायची. तुमचा सुरा त्याच जातकुळीचा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत मला एक गोष्ट दिसली. मुठीलगतची पाऊण इंचभर धार मूळ उंचीची आहे, आणि तिथून पुढे पात्याचं पोट आत गेलंय, हलक्या वाटीसारखं. कारखान्यातून असं येत नाही. माणूस दगडावर धार लावताना मुठीजवळचा भाग दगडाला टेकत नाही, बाकीचं पातं मात्र दर वेळी थोडं थोडं झिजतं. एवढी वाटी पडायला वर्षानुवर्षं धार लावावी लागते. टोकाजवळच्या चऱ्याही सगळ्या एकाच दिशेने तिरप्या आहेत, म्हणजे बहुधा उजव्या हाताच्या माणसाने, एकाच सवयीने, खरबरीत दगडावर लावलेली धार. घराच्या पायरीचा दगड असेल किंवा विहिरीच्या काठाचा. तुमच्या आजोबांनी हा सुरा शोभेला ठेवला नव्हता. कपाटात काचेआड ठेवलेलं, कधीच धार न लावलेलं पातं असतं तर मी वेगळा सल्ला दिला असता.

आता मुठीकडे येतो. सगळा निर्णय इथे आहे.

या जातीच्या सुऱ्यांत पात्याची एक निमुळती शेपटी मुठीच्या आत गेलेली असते. वर्कशॉपमध्ये आम्ही तिला टँग म्हणतो. शिंगाला भोक पाडून त्यात ती बसवतात आणि राळ, मेण, विटेची पूड यांचा गरम लगदा ओतून पक्की करतात. काहींमध्ये शेपटी मुठीच्या आरपार जाऊन मागे ठोकलेली असते, काहींमध्ये आडवी खीळ असते. बाहेरून पातं कितीही चांगलं दिसलं तरी आत काय झालंय ते कळत नाही. पितळी पट्टी आणि पातं यांच्या मधल्या फटीतून पाणी आत जातं, रक्त जातं, मीठ जातं, आणि तिथे ते कधी कुणी पुसलेलं नसतं.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक सुरा आला, कोकणातल्या एका घरातला. पातं देखणं होतं, गंज जवळजवळ नव्हताच. मालकाने मुलाला कॅम्पला दिला. पोराने सरपण फोडायला सुरा ओंडक्यावर उभा धरला आणि पाठीवर दुसरं लाकूड हाणलं. तिसऱ्या घावाला मूठ हातात राहिली आणि पातं गुडघ्याजवळून उडून गेलं. ते तुकडे माझ्या टेबलावर आले तेव्हा मी शेपटीची जाडी मोजली. पट्टीपाशी ती मुळात पाच मिलिमीटरच्या आसपास असावी. तुटलेल्या जागी धड पोलाद उरलं होतं जेमतेम दीड, पेन्सिलीच्या शिशाएवढं. बाकीचा सगळा काळपट, पापुद्र्यांचा गंज, नखाने सुटत होता. मुलाला काही झालं नाही. झालं असतं तर ती वस्तू त्या घरात पुन्हा कुणी हातात धरली नसती.

म्हणून तुमचं 'किंचित हलते' हे वाक्य मी तीनदा वाचलं. हलण्याची कारणं दोन असतात. एक म्हणजे राळ वाळून भुगा झाली आहे आणि शेपटी शाबूत आहे. हे बरं होतं. दुसरं, शेपटीच खाल्ली गेली आहे. ते बरं होत नाही. फरक असा ओळखा.

पांढरा कोरा कागद पसरा. सुरा उभा धरा, पातं खाली, आणि मुठीच्या मागच्या टोकावर लाकडी लाटण्याने हलके हलके ठोका. पातं आधी जाड फडक्यात गुंडाळून दोरी बांधा, पण पट्टीजवळची फट उघडी ठेवा. कागदावर काय पडतं ते बघा. पिवळट, मधासारखे चुरे पडले तर ती राळ. बोटावर चुरडून हुंगलीत तर देवळातल्या धुपाच्या जवळ जाणारा वास येईल. लालसर-तपकिरी पूड आली तर गंज, आणि ती चमचाभर निघाली तर मी पुढे जाणार नाही. काळे पापुद्रे पडले तर निर्णय झालाच, सुरा शोभेचा. थोडी लाल पूड आणि बरीच राळ, असं मिश्रण निघालं तर पुढची चाचणी करा.

ही चाचणी कुठल्याही जुन्या फिटरला माहीत असते. पट्टी आणि पातं जिथे भेटतात तिथे, आणि पात्याच्या प्रत्येक खोल खड्ड्यावर, ब्रशने रॉकेल लावा. अर्धा तास थांबा. कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा, पुसल्याचं समाधान झालं की आणखी एकदा पुसा. मग फळ्याचा खडू बारीक करून तिथे भुरभुरवा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूत उमटतं, केसासारखी ओली रेघ दिसते. खड्डा असेल तर गोल डाग दिसतो. डाग चालतो, रेघ चालत नाही. पात्याच्या मधोमध रेघ दिसली तरी नाही, पट्टीलगत दिसली तर मुळीच नाही. तुमच्या जवळ कास्टिंग तपासणारी एखादी लॅब असेल तर ते डाय पेनिट्रंटने, म्हणजे चिरेत शिरणाऱ्या रंगाने, हेच काम अधिक नीट करतील आणि रेडिओग्राफीची, म्हणजे एक्स-रेची, सोय असली तर शेपटीचा फोटोही काढतील. खर्च होतो, पण आजोबांच्या वस्तूसाठी लोकांनी तो आनंदाने केलेला मी पाहिलाय.

शेवटी, पातं कातड्यात गुंडाळून लाकडी गालांच्या मध्ये शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरा आणि मूठ हाताने बाजूला दाबा. लाल भोपळा चिरताना जेवढा जोर लावाल तेवढाच. मऊ हालचाल झाली आणि थांबली तर राळ सुटलीय. 'कट' आवाज आला, किंवा मूठ एका बाजूला गेली आणि परत आली नाही, तर तिथेच सोडा.

राळ सुटली असेल तर कृपा करून फेविक्विक ओतू नका, एपॉक्सीही नको. एकदा एपॉक्सी गेलं की ती मूठ शिंग न फोडता पुन्हा उघडणं फार कठीण होतं. मी जुनंच मिश्रण वापरतो: पाच भाग राळ, एक भाग मधमाशीचं मेण, एक भाग विटेची वस्त्रगाळ पूड. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं, उघड्या ज्योतीवर नाही, राळेची वाफ पेट घेते. तुम्ही पहिल्यांदाच करत असाल तर जाणकाराकडून करून घ्या. आणि ही मूठ राळेने बसवलेली आहे एवढं लक्षात ठेवलंत तर पुढची एक चूक टळेल: असा सुरा उकळत्या पाण्यात टाकायचा नाही, उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही. राळ त्या तापमानाला मऊ पडते.

गंज काढण्याबद्दल. पात्यावर दोन रंग दिसतात. तांबूस भुकटीसारखा जो आहे तो चालू गंज, तो काढायचा. राखाडी-काळसर, गुळगुळीत जो आहे तो पोलादाने स्वतःवर ओढलेला थर, तो ठेवायचा. तो खालच्या धातूला सांभाळतो आणि सुऱ्याचं वयही तोच सांगतो. शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या तांब्याच्या नाण्याची कड घेऊन तांबूस डाग खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ आहे, त्यामुळे गंज निघतो आणि ओरखडा उठत नाही. घरात ढब्बू पैसा असेल तर उत्तम. नंतर शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरचं स्टील वूल तेलात बुडवून, पात्याच्या लांबीच्या दिशेने, खुणेची जागा सोडून. हे दोन-तीन दिवस थोडं थोडं करा. एका बैठकीत संपवायला गेलात की हात आपोआप जोर लावतो.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी, कोला, यांतलं काही पात्याला लावू नका. आपल्या घरात तांब्या-पितळेची भांडी घासायची जी सवय आहे तीच इथे घात करते. आम्ल गंजाबरोबर पोलादही खातं, ठशाच्या कडा बोथट करतं आणि पातं मळकट राखाडी होऊन बसतं. स्वयंपाकघरातला हिरवा स्क्रबरही नको, त्यात घासणारी पूड असते.

आणि बफिंग. माझ्या मामांचा एक सुरा होता, जर्मनीतल्या सोलिंगेनचा, हरणाचं चित्र कोरलेला. मी तेव्हा तिशीत होतो, शॉपमध्ये बफिंगचं चाक हाताशी होतं, वाटलं मामांना चमकवून देऊ. पाच मिनिटांत आरशासारखा झाला. हरीण गेलं, कारखान्याचं नाव गेलं, पाठीवरची खाचांची नक्षी लोण्यासारखी गुळगुळीत झाली. मामा काही बोलले नाहीत, अंगठा फिरवून बघितलं आणि ठेवून दिला. त्यानंतर जुन्या पात्याला मी चाक लावलेलं नाही. तुमच्या भावाला हे वाचून दाखवा. त्याशिवाय त्या चाकात पात्याचं टोक अडकलं तर ते परत माणसाकडेच येतं, हेही सांगा.

सायकलच्या चाकावर सहाण फिरवणाऱ्या धारवाल्याकडेही हा सुरा देऊ नका, आणि मोटरच्या ग्राइंडरवर तर नकोच. त्या लोकांच्या कसबाबद्दल माझी तक्रार नाही, विळी-कात्रीला त्यांची धार चांगली असते. पण हीट ट्रीटमेंटचं गणित असं आहे: असं पातं पाण्यात किंवा तेलात विझवून कडक करतात आणि मग साधारण 220-230 अंशांवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. त्या वेळी पोलादावर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढतो. कोरड्या ग्राइंडरवर धारेची पातळ कड क्षणात 300 अंशांपर्यंत जाते आणि निळी पडते. निळी पडली की तिथला कडकपणा उतरला. मग ती धार कितीही वेळा लावा, चार दोऱ्या कापल्या की बोथट. निळा भाग घासून टाकण्यावाचून उपाय नाही, आणि तुमच्या पात्याकडे घासायला फार काही उरलेलं नाही.

हाताने लावा. हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड चालेल, बारीक बाजूनेच सुरुवात करा. पाण्यात भिजवा, पाटावर ओलं फडकं घालून त्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. पाठ दगडापासून एवढी उचला की खाली करंगळीची नखाकडची बाजू जेमतेम शिरेल. तोच कोन शेवटपर्यंत धरा. एका बाजूला घासत राहिलात की दुसऱ्या बाजूला धारेवर बारीकशी कोर उलटते, अंगठा धारेपासून बाहेरच्या दिशेने फिरवला की हाताला लागते. शॉपमध्ये तिला बर म्हणतात. ती पूर्ण लांबीभर आली की बाजू बदला. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने दहा-बारा वेळा ओढा, न्हावी वस्तरा ओढतो तसं. टोकाजवळचे खड्डे धारेपर्यंत पोचले असतील तर तिथे बारीक दाते दिसतील. ते एका वेळेत घालवायला जाऊ नका. दर वेळच्या धारेबरोबर ते आपोआप कमी होत जातील.

वापर कशासाठी? दोरी, सुतळी, पोतं, भाजी, फळं, काठी तासणं, शेतावर कणीस किंवा ऊस सोलणं. तासणं म्हणजे तासणंच, हाणणं नाही. सरपण फोडायला कोयता आहे. डबा उघडायला, खिळा उचकटायला, नेम धरून फेकायला हा सुरा नाही. खाण्याच्या कामाला लावण्याआधी साबणाच्या कोमट पाण्याने फक्त पातं धुवा, मूठ पाण्याखाली धरू नका, शिंग पाणी पितं आणि वाळताना तडकतं. पट्टीच्या फटीत हिरवं काही राहिलेलं नाही हे पक्कं करा. वापरून झाल्यावर लगेच पुसा आणि मेडिकलच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब पसरवा. खोबरेल किंवा शेंगतेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. कांदा-कैरीने पात्यावर निळे-जांभळे डाग पडतील, ते राहू द्या. वापरायला नवं म्यान करून घ्या. कोल्हापुरी वहाणा करणारा कारागीर जाड कातड्याचं उत्तम करून देतो. मात्र ते वाटेपुरतं, मुक्कामाला पोचलात की सुरा बाहेर.

कायद्याचं बघून घ्या, कारण तुमच्या मेहुण्यांचा सल्ला इथे अडकतो. मूठ जर खऱ्या सांबरशिंगाची असेल तर तिला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. अशी वस्तू विकणं, ऑनलाइन जाहिरात टाकणं, एवढंच काय भेट देणंही अंगाशी येऊ शकतं. वारसा म्हणून घरात राहिलेल्या वस्तूची नोंद कशी करायची ते वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. शिंग आहे की नकली हे भिंगाने कळतं. खऱ्या शिंगाला झाडाच्या सालीसारखे उंचवटे असतात, एकही दुसऱ्यासारखा नसतो, आणि मागच्या टोकाला स्पंजसारखा गाभा दिसतो. हाडाला बारीक काळे ठिपके असतात. प्लॅस्टिकला साच्याची शिवण असते. तापवलेली सुई टोचून बघू नका. तुमच्या फोटोंवरून मला ते सांबरशिंगच वाटतंय. शेफील्ड आणि सोलिंगेनला मुठींसाठी लागणारं सांबरशिंग हिंदुस्थानातून जहाजाने जायचं. शिंग इथल्या जंगलातलं, पोलाद तिथल्या भट्टीतलं, आणि सुरा होऊन ते पुन्हा साताऱ्यात आलं. मला हे प्रत्येक वेळी विलक्षण वाटतं.

शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं वेगळ्या वर्गात जातं. तुमचं साडेसहा इंच आहे. तरी शहरांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली वेळोवेळी मनाईचे आदेश निघतात, त्यात चाकू-सुरे बाळगणंही येतं. कमरेला लावून फिरू नका. ट्रेकला न्यायचा असेल तर गुंडाळून, पिशवीच्या तळाशी. गडावर, यात्रेत, गर्दीत बाहेर काढायचं काम नाही. आणि परदेशातल्या बहिणीला पाठवायचा विचार कुणाच्या मनात आला तर शिंगाचा प्रश्न तिथेही आहे. शिवाय शंभर वर्षं पुरी झालेली वस्तू पुरातन वस्तूंच्या कायद्यात येते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. 'जी आर' म्हणजे तुमचा सुरा त्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते नुसत्या ठशावरून ठरणार नाही.

ते ठरवायला एक माणूस मदत करू शकतं. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्यांनी ट्रंक उघडताच 'हा आबांचा' म्हणून सुरा ओळखला. धार लावण्याआधी त्यांच्याकडे जा. सुरा सोबत न्या, त्यांच्या हातात द्या, आणि विचारा की आबा धार कुठल्या दगडावर लावायचे, हा सुरा त्यांच्याकडे लग्नाआधीपासून होता का, आणि घरात तो शेवटचा कुणी आणि कशासाठी वापरला. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसकट कागदावर उतरवा. ज्या दिवशी तुम्ही मूठ बसवाल किंवा धार लावाल, त्या दिवसाची नोंद त्याच कागदावर खाली करा, काय काढलं आणि काय तसंच ठेवलं यासकट. कागद सुऱ्याजवळ राहू द्या. तो पायरीचा दगड अजून असेल आणि माळवदाबरोबर निघाला नसेल, तर त्याचाही फोटो मला पाठवा, चऱ्यांशी जुळवून बघतो.